तानसेनाच्या गावात रॅपरने थांबावे कसे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान शहरांतून पुढे येणाऱ्या रॅपर मुलांवर जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी ग्वाल्हेरला, दुकानातले बिलांचे काम आटोपल्यावर, दोनदा वाचला. लेखाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या मुलांच्या मुलाखती त्यात आहेत त्यांनी कष्ट केले आहेत आणि त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. माझे म्हणणे त्याच्या शेवटच्या परिच्छेदापुरते आहे. स्वप्न सोडू नये, वेळ प्रत्येकाची येते, अशा अर्थाचे जे विधान तिथे आहे ते खरे नाही. वेळ प्रत्येकाची येत नाही. माझी आली नाही. मी नऊ वर्षे या शहरात रॅप लिहिले, म्हटले, रेकॉर्ड केले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते थांबवले. ज्यांची वेळ आली त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. थांबलेल्यांविषयी कोणी लिहीत नाही, कारण आम्ही थांबलो हे कोणाला कळतच नाही. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. कात्री लावण्याचा अधिकार आपला आहेच.

मी सुरुवात केली ती २०१२ साली, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना. हिप हॉपचा जन्म ज्या प्रसंगापासून मोजतात तो मला तेव्हापासून पाठ आहे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, एका निवासी इमारतीतली सामाईक खोली, शाळा उघडण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून एका मुलीने ठेवलेली पार्टी आणि तिथे तबकड्या वाजवणारा तिचा भाऊ, कूल हर्क. गाण्यातला जो तुकडा नाचणाऱ्यांना सर्वांत आवडे, ज्यात गायन थांबून नुसता ताल उरे, तेवढाच तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवत असे. या कलेला गंडा बांधावा लागत नाही, सभागृह लागत नाही, वाद्यही स्वतःचे लागत नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आम्हा चार मुलांना ती म्हणूनच परवडली. तिची दुसरी बाजू मात्र आम्हाला फार उशिरा उमगली. जिथे ‘आता शिकायला बस’ असे सांगणारे कोणी नसते, तिथे ‘आता पुरे कर’ असे सांगणारेही कोणी नसते.

आमचे घर जीवाजीगंजात आहे, जुने, दगडी पट्ट्यांच्या छताचे. अशा खोलीत टाळी वाजवली तरी ती दोनदा ऐकू येते, त्यामुळे माडीवरच्या खोलीच्या चारही भिंतींना आणि खिडकीला मी थंडीच्या रजया टांगल्या होत्या. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि माईक पंख्याची घरघर टिपतो म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतरच, कारण तोवर रस्त्यावरच्या टेम्पोंची फटफट थांबत नसे. खाली झोपलेली आजी एकदा सकाळी म्हणाली, ‘रात्री दोन वाजता कोणाशी भांडत होतास रे?’ कोणाशी नाही, पाठ म्हणत होतो, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग सावकाश म्हणत जा. देवालासुद्धा इतक्या घाईने काही सांगू नये.’ माझ्या गाण्यांवर आजवर जे अभिप्राय आले त्यांतला हा सर्वांत नेमका होता, आणि तो मी तेव्हा मानला असता तर माझा फ्लो, म्हणजे तालावर शब्द सोडण्याची लय, बहुधा दोन वर्षे आधी सुधारला असता.

शहरातल्या बैजाताल तलावाच्या काठावर आमचा सायफर चाले. सायफर म्हणजे वर्तुळ करून उभे राहायचे, एकाने तोंडाने बीट, म्हणजे ठेका, धरायचा आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने आयत्या वेळी सुचेल ते तालात म्हणायचे. चौकीदाराची शिट्टी वाजेपर्यंतचा तो वेळ मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि त्या वेळेबद्दल मला कसलाही पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकतो.

भाषेचा मुद्दा थोडा सविस्तर मांडतो, कारण मराठी वाचकांशी त्याचा थेट संबंध आहे. आम्ही आधी इंग्रजी गाणी पाठ करून म्हणत असू. २०१३-१४ च्या सुमारास मुंबईच्या अंधेरी-कुर्ल्याकडच्या वस्त्यांतून डिव्हाईन आणि नेझी यांचे हिंदी रॅप ऐकू येऊ लागले आणि आपल्या गल्लीचे आपल्या बोलीत सांगता येते हे आमच्या डोक्यात शिरले. पण माझी बोली कोणती? ग्वाल्हेरचा मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाड्यावर, म्हणजे बाजारचौकात, हिंदी बोलतो, आणि भांडतो ते बहुतेक हिंदीतच. आमच्या हिंदीला ब्रज-बुंदेलीचे वळण आहे. ऐकणाऱ्यांना मुंबईचा टपोरी ठसका हवा होता, तो मला येत नव्हता आणि आणलेला शोभत नव्हता. मग मी मराठीत लिहू लागलो, तर पुण्याच्या मुलांनी विचारले की हे नक्की मराठीच आहे ना. राजकवी भा. रा. तांबे ज्या शहरात राहिले त्या शहरातल्या मराठीला कोणी परकी म्हणू नये असे मला वाटते, पण गाण्याखाली शेरा मारणाऱ्या मुलाला हे ऐकवून काही उपयोग नसतो.

तरीही मराठीने मला जे शिकवले ते दुसऱ्या कशाने शिकवले नसते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘आहे’ला ‘राहे’ आणि ‘होते’ला ‘जाते’ अशी यमके वाटेल तितकी मिळतात, आणि सहज मिळतात म्हणूनच ती पोकळ वाजतात. ऐकणाऱ्याला ओळ संपण्याआधीच तिचा शेवट कळलेला असतो. मी जवळजवळ अडीच वर्षे क्रियापद ओळीच्या पोटात ढकलण्याचा सराव केला. नाम शेवटी आणायचे, यमक एका अक्षराचे न ठेवता तीन-चार अक्षरांचे ठेवायचे, जोडाक्षरावर बीटचा ठोका पाडायचा. त्या सरावातून माझ्या हाती जेमतेम चाळीस ओळी अशा लागल्या की ज्या आजही मला स्वतःला आवडतात. नऊ वर्षांत चाळीस ओळी हे प्रमाण वाईट आहे की बरे, हे सांगणारा जाणकार मला या क्षेत्रात भेटला नाही. भेटले ते सगळे आकडे पाहणारे.

आकड्यांचे सांगायचे तर ते माझ्या व्यवसायाचेच काम आहे. औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे मी हिशेब पाहतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाईलवर गाणी पाहणे एकदम स्वस्त झाले आणि आम्हाला वाटले की आता श्रोता आपल्या दारात आला. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रॅपर मुलांवर एक मोठा हिंदी चित्रपट आला, त्याच महिन्यात स्पॉटिफाय भारतात आले, त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर रॅपची स्पर्धा सुरू झाली. ज्या नातेवाइकांनी सात वर्षे विचारले नव्हते त्यांनी त्या वर्षी विचारले की तुझे कुठपर्यंत आले. यूट्यूबने २०१८ साली नियम केला होता की एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे झाल्याशिवाय चॅनेलला जाहिरातीचा वाटा मिळणार नाही. माझे सबस्क्रायबर ८७० वर थांबले. पुढे २०२४ पासून स्पॉटिफायनेही मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याचे पैसे देणे बंद केले; माझी सगळी गाणी त्याच उंबरठ्याच्या बाहेर होती. नऊ वर्षांत कंडेन्सर माईक, माईक संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, बीटचे भाडे, व्हिडिओ आणि दिल्ली-मुंबईचा प्रवास मिळून माझे दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास खर्च झाले आणि अकरा हजारांच्या आसपास परत आले. हा हिशेब मी २०२१ पर्यंत मांडलाच नव्हता. इतरांचे बॅलन्स शीट मांडणाऱ्या माणसाने स्वतःचे नऊ वर्षे टाळावे, यावरून ओळखावे की मला उत्तर माहीत होते.

बीटच्या भाड्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण नवी मुले तिथे हमखास फसतात. इंटरनेटवर तयार बीट, म्हणजे शब्दांखालचे वादन, हजार-दोन हजारांत मिळतो, पण तो विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. तोच बीट आणखी पन्नास जणांना दिलेला असतो आणि किती वेळा ऐकला गेल्यावर परवाना संपतो हेही त्यात लिहिलेले असते. माझ्या एका गाण्यावर कोणा अनोळखी माणसाने कॉपीराइटचा दावा लावला, कारण त्याने तोच बीट घेऊन आपले गाणे आधी नोंदवले होते. दोघेही भाडेकरू, आणि एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढले.

याहून मोठी चूक मी २०१९ साली केली. एका मोठ्या शहरातल्या कंपनीने माझ्यापुढे बारा पानांचा इंग्रजी करार ठेवला आणि ‘प्रमोशन’साठी माझ्याकडूनच चाळीस हजार रुपये घेतले. वडिलांनी ठेव मोडून ते दिले. गाणे अपलोड झाले आणि तिथेच राहिले. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्याने आता काही साधणार नाही. मात्र जे मला सही केल्यानंतर कळले ते इतर मुलांना सही करण्याआधी कळावे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आहे. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांचा आणि चालीचा जो कर्ता आहे, त्याला रॉयल्टीतला आपला वाटा वारसांखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज, म्हणजे कर्त्यांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेखेरीज, कोणालाही लिहून देता येत नाही, आणि दिला तरी तो करार त्या बाबतीत निरर्थक ठरतो. हक्क किती मुदतीसाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल तर ती मुदत पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतात. माझ्या करारात मुदत ‘कायमची’ अशी स्पष्ट लिहिलेली होती, म्हणून दुसऱ्या तरतुदीचा मला फायदा नव्हता, पहिलीचा होता. गीतकार-संगीतकारांची अशी सोसायटी, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासून आहे. माझ्या पदवीच्या अभ्यासक्रमात करार कायदा होता, पण गाणाऱ्याचा करार कसा वाचावा हे मला ना महाविद्यालयात कळले ना सायफरमध्ये.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येतो.

माझे थोरले काका तरुणपणी माधव संगीत महाविद्यालयात सहा वर्षे गाणे शिकले. संगीततज्ज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेतून १९१८ साली निघालेली ही संस्था. तिच्या आवारात नुसते जाऊन बसले तरी काही कानावर पडते असे काका सांगतात. त्यांना मैफलीचा गळा नव्हता, ते गवई झाले नाहीत, सरकारी कार्यालयात लेखापाल होऊन निवृत्त झाले. पण त्यांना अयशस्वी म्हणताना मी कोणालाही ऐकलेले नाही. डिसेंबरात शहरातल्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी समारोह भरतो, २०२४ साली त्याचे शंभरावे वर्ष साजरे झाले. काका शाल घेऊन तिथे जातात, ओळखीचे लोक सरकून जागा देतात, एखाद्या तानेला त्यांची मान हलली की शेजारचा त्यांच्याकडे पाहून खात्री करून घेतो. घरी दोन मुली हार्मोनियम शिकायला येतात. गणपतीत आरतीचा सूर तेच लावून देतात. तानसेन झाला नाही तर कानसेन झाला, असे आपण हसत म्हणतो. पण त्या हसण्यात एक पूर्ण व्यवस्था दडलेली आहे. साथीला बसणारा, तंबोरा जुळवणारा, परीक्षा घेणारा, मैफल ठरवणारा, बंदिशी उतरवून ठेवणारा आणि नुसता ऐकणारा, अशा कितीतरी जागा मंचाच्या खाली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक जागेला मान आहे.

ग्वाल्हेरच्या गायकीचा इतिहास पाहिला तर ती या खालच्या जागांवरच टिकली असे दिसते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर या शहरात वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, ती विद्या महाराष्ट्रात घेऊन गेले, मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. या माळेत शिकवणे ही हरलेल्याची सोय नव्हती. गाणारा आणि शिकवणारा यांच्यात वरचा कोण हे ठरवण्याची गरजच पडली नाही.

रॅपमध्ये अशी एकही मधली जागा नाही. शिखर आहे आणि थेट जमीन आहे. मी थांबलो तेव्हा माझ्याकडे नऊ वर्षांचे काहीतरी होते, श्वास कुठे चोरायचा, सोळा बारांत, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या सोळा ओळींत, गोष्ट कशी बसवायची, दगडी छताच्या खोलीत आवाज कसा कोरडा करायचा. पण ते ठेवायला कोनाडा नव्हता. शहरात ते कोणाला हवे आहे असे वाटण्याजोगे एकही दार नव्हते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला, ते वाचून मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी, खोटे का बोलू, आपण या शहरात राहतो पण त्या मानात राहत नाही असेही वाटले. गैरसमज नको. तानसेन समारोहात रॅपला मंच मिळावा अशी माझी मागणी नाही. ती हास्यास्पद होईल. रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे म्हणून पाठ थोपटणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पोवाडा ही पोवाड्याची वस्तू आहे आणि रॅप ही ब्राँक्सहून आलेली वेगळी वस्तू आहे, तिला वडीलधाऱ्यांचे आडनाव लावल्याशिवाय घरात घेता येत नसेल तर तो दोष घराचा.

काकांनी माझे गाणे एकदाच नीट ऐकले. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘लय पक्की आहे, पण तुझी सम कुठे आहे? तू जोर चौथ्या मात्रेवर देतोस.’ सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्यांच्या गाण्यात जोर तिथे येतो. त्यांचे म्हणणे बरोबर होते. आमच्याकडे यमकाचा घाव बहुतेक वेळा चौथ्या ठोक्यावर पडतो, स्नेअर नावाच्या ड्रमच्या ठोक्यावर. मी तसे सांगितले. त्यांनी मांडीवर बोटांनी मोजून पाहिले आणि म्हणाले, ‘बरं, मग तशीच सवय करावी लागेल.’ कानसेन म्हणून त्यांची मी इतकी स्तुती केली, पण त्यांचेच एक वाक्य इथे नोंदवले नाही तर ते एकतर्फी होईल. मी थांबल्यानंतर काही महिन्यांनी ते मला म्हणाले होते, ‘कानसेन हा शब्द मला पहिली दहा वर्षे शिवीसारखा लागत असे.’ म्हणजे जागा असली तरी तिथे बसायला वेळ लागतोच. माझे म्हणणे एवढेच की त्यांना दहा वर्षांनी बसायला पाट तरी मांडलेला होता.

थांबण्याचे कारण लोक विचारतात. एप्रिल २०२१ मध्ये वडील कोरोनाने आजारी पडले, बरे झाले, खर्च झाला, इंटरफेस विकावा लागला. वडिलांसाठी सोडले असे सांगणे सोयीचे आहे आणि नातेवाइकांना मी तेच सांगतो. खरे कारण एवढे मोठे नाही. ऑगस्टमधल्या एका रात्री पाहिले तर नव्या गाण्याला महिनाभरात ६३ जणांनी ऐकलेले दिसत होते, त्यांतले निम्मे तरी मीच असणार, आणि ते पुन्हा लावायला बोट गेले नाही. मला स्वतःलाच ते ऐकावेसे वाटेना. चॅनेल खासगी करून टाकले, माईक रजईच्या खोळीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

घरात माणूस गेले तर दहा दिवसांचे सुतक असते. लोक येतात, बसतात, तेराव्या दिवशी कोणीतरी गोड खायला घालते आणि रोजचे सुरू होते. इथे काही गेले होते हे मला माहीत होते, पण भेटायला कोणी येणार नव्हते, आणि मी तरी कोणाला काय म्हणून बोलावणार? पुढचे दीड वर्ष मी रॅप ऐकू शकलो नाही. लग्नात डीजेने लावला की मी उठून जेवणाच्या रांगेत उभा राही. स्कूटरचा इंडिकेटर टिकटिकू लागला की डोक्यात ओळ सुरू होई आणि वळण संपले की तुटे. सर्वांत जास्त त्रास ‘छंद म्हणून चालू ठेव की’ या सल्ल्याने झाला. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण ज्याने एखादी गोष्ट नऊ वर्षे जेवण म्हणून वाढून घेतली, त्याला ती आता तोंडी लावायला घे असे सांगू नये. माझे दुःख झोप-जेवण सुटण्यापर्यंत गेले नाही. ज्यांचे जाते त्यांनी केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा, तो विनामूल्य आहे, आणि माझ्या सायफरमधल्या एकाला त्याचा उपयोग झाला आहे.

मागच्या वर्षी गल्लीतला एक सोळा वर्षांचा मुलगा आला आणि ‘दादा, तुमच्याकडे माईक आहे ना’ असे त्याने विचारले. आता तो दर रविवारी दोन तास येतो. मी त्याला श्वास शिकवतो, क्रियापद आत ढकलायला लावतो, बीटचा परवाना मोठ्याने वाचायला लावतो, आणि वर्षाला किती पैसे घालायचे तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला आहे. काका कधीकधी येऊन चौथ्या मात्रेवर बोट आपटत बसतात. हे वाचून कोणी म्हणेल की बघा, सगळे छान झाले. तसे नाही. त्याच्या एका व्हिडिओला चार दिवसांत वीस हजार लोकांनी पाहिले तेव्हा मला आनंद झाला असे लिहिले तर ते खोटे ठरेल. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पुढच्या रविवारी मी त्याच्या उच्चारांत नेहमीपेक्षा जास्त चुका काढल्या. त्यानंतरच्या रविवारी कमी काढल्या.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथल्या मराठी मंडळांना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे सभागृहे आहेत आणि ती महिन्यातल्या कितीतरी संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतली एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. स्पर्धा ठेवू नये, परीक्षक बोलावू नयेत, शाल-श्रीफळ तर अजिबात नको. एक माईक, दोन स्पीकर आणि पुढच्या रांगेत ऐकायला बसलेली दहा मोठी माणसे एवढे पुरे. एखादा वकील वर्षातून एकदा येऊन करार कसा वाचावा ते सांगेल तर फारच बरे. आणि ज्या मुलांनी गाणे थांबवले आहे त्यांना त्या संध्याकाळी आवाज जुळवायला, बीट लावायला, नव्यांच्या ओळी ऐकून बोलायला मुद्दाम बोलवावे. त्यांच्यापैकी काही येणार नाहीत. मीही पहिल्या वर्षी गेलो नसतो.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. शेवटच्या पानावर नाव बदलल्याची, भागीदारीतून निवृत्त झाल्याची, कागदपत्रे हरवल्याची जाहीर निवेदने आपण छापता. कलाकाराने आपले काम थांबवले याचे निवेदन छापण्याची रीत नाही, त्यामुळे मी माझ्या ८७० सबस्क्रायबरांना काहीही न कळवता दार लावून घेतले, आणि त्यांतले काही जण नंतर वर्षभर निरोप पाठवून नवे गाणे कधी येणार असे विचारत होते. त्यांना मी उत्तर दिले नाही. ते आता देतो, आणि पत्रातला हा मजकूर तेवढा कात्रीतून वाचवावा.

तमाम श्रोत्यांस कळविण्यात येते की, खाली सही करणाऱ्याने लश्कर, ग्वाल्हेर येथून सन २०१२ पासून चालविलेले रॅपचे काम ऑगस्ट २०२१ पासून बंद केले आहे. जुनी गाणी या महिन्याच्या अखेरीस पुन्हा सर्वांसाठी खुली करण्यात येतील. नवीन गाणी येणार नाहीत.

आपला,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)
जीवाजीगंज, लश्कर, ग्वाल्हेर